बांधलेला खटका

ऋतिक, तो पाना ठेव खालतं अन् बस इथे. सोनू, तू बी बस बाप्पा. छतावरच्या प्लेटा काही रातून पळून जात नाही. दिवसभर दोघंही माह्या डोक्यावर ठोकठोक करून राह्यले, आता म्हाताऱ्याचं घडीभर ऐका. ऋतिक, सकाळी तू म्हणे ना रे, "काकाजी, सोलरची तार लाईनले जोडणं म्हणजे चहा होतपर्यंतचं काम"? तेव्हाच मले सांगायचं होतं. पण असल्या गोष्टी दिवसा सांगतल्या तं तुम्ही पोट्टे हासता. म्हणून अंधार पडू देला.

हे कुठून तरी ऐकलेलं नाही. बबिता म्हणून बाई आहे, बंजाऱ्याची. मारेगावच्या अलीकडे सडकेले लागून तांडा आहे तिचा. दर साली माह्या वावरात कापूस वेचाले येते. खोटं बोलाची तिले सवय नाही, उलट तोंडावर खरं बोलते म्हणून चार लोकं तिच्यावर खार खाऊन असते. तिनं मले सांगतलं, तसंच तुम्हाले सांगतो. मधात टोकाचं नाही.

मांगच्या सालचा पंधरा ऑगस्ट. शुक्रवार होता, अन् त्याच दिवशी अष्टमी. सकाळी शाळेत झेंडा झाला, दुपारी चरचरीत ऊन तापलं, अन् संध्याकाळी असा वारा सुटला का घराघरावरची टिनं वाजाले लागली. पाऊस आला, चिखल करून गेला. जेवणाच्या वेळेले बबिताच्या सासूनं, सुखीबाईनं, फडक्यात दोन भाकरी अन् अंबाडीची भाजी बांधून तिच्या हाती देली. भारत झेंड्यापासून उपाशी आहे, म्हणे, नेऊन दे त्याले.

भारत म्हणजे बबिताचा लहाना दीर. वीज ऑफिसात कंत्राटी हेल्पर. वाऱ्यानं तांड्याच्या शेवटच्या खांबावरचा तारेचा सांधा निसटला होता, तो बांधाले गेलता. काम साधंच. बबितानं भाकर नेऊन द्याची, घडीभर त्याची बॅटरी धराची अन् घरी याचं. पण फडकं देऊन सुखीबाई आत गेली नाही, दारातच उभी राह्यली.

कारण त्याच खांबावर सुखीबाईचा मोठा पोरगा गेलता. जीवन. बबिताचा नवरा. एक साल आधी, असाच श्रावण, अशीच तीज चालू.

तीज माहीत आहे ना? बंजाऱ्याच्या कुवाऱ्या पोरी टोपल्यात गहू पेरते, नऊ दिवस त्याले पाणी घालते, अन् रोज रात्री नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या मुखियाच्या, अंगणात जमून गाणे म्हणते, फेर धरते. तशाच एका रात्री हाच सांधा निसटला. जीवन बी हेल्परच होता. त्यानं तांड्याच्या तोंडाशी असलेल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर, जाऊन फ्यूज काढले, सारा तांडा अंधारात केला, मंग खांबावर चढला. तारेले हात लावला. खालतं आला तेव्हा त्याच्यात जीव नोता.

ऑफिसनं लिहून टाकलं का, फ्यूज न काढताच चढला. काही हरामखोरांनं त्याले दारू बी चिकटवली. बबिता ऑफिसात गेली, साहेबासमोर उभी राह्यली अन् एकच गोष्ट विचारली. "फ्यूज काढले नोते, तं मी त्या रात्री अंधारात भाकरी काहून थापत होती?" साहेब पंख्याकडे पाहत बसला. तिनं तेच तीनदा विचारलं. मंग चपराशानं तिले बाहेर नेलं.

त्यानंतर तो बल्ब सुरू झाला.

शेवटच्या खांबाच्या पलीकडे दोनच गोष्टी त्या तारेवर. एक देवीलाल नायकाचं घर, अन् दुसरा खांबावरचाच रस्त्याचा बल्ब, जीवन गेल्यावर ग्रामपंचायतीनं लावलेला. हिवाळ्यात एका रात्री सांधा पुन्हा निसटला. दुसऱ्या गावचा हेल्पर आला, त्यानं डीपीवरचे फ्यूज काढले. सारा तांडा काळाकुट्ट झाला, अन् खांबावरचा तो बल्ब पेटला. पूर्ण नाही, लालसर, मिणमिण. हेल्पर सायकल टाकून पळाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसचे माणसं उन्हात आले, करंट असंल तं जमिनीत उतरावा म्हणून तारांवर लोखंडी साखळी टाकली, सांधा बांधला अन् निघून गेले. बल्ब काहून पेटला, कोणी विचारलं नाही. तांड्यात मात्र ठरून गेलं का, जीवन भटकून राह्यला.

देवीलाल नायकानंच पहिला नारळ फोडला त्या खांबापासी. बबितानं तो उचलला अन् नाल्यात भिरकावला. माहा नवरा माणूस होता, म्हणे, त्याले भूत करू नका. विधवेचं हे बोलणं कोणाले रुचलं नाही. पण बाई कोणाच्या रुचण्यासाठी बोलत नाही.

तं आता त्या अष्टमीच्या रात्रीवर या.

बबिता फडकं घेऊन निघाली. भारतनं फ्यूज काढले होते, म्हणून गल्लीत हात दिसत नोता. पायाखालतं काळ्या मातीचा चिखल, चपला उचलता उचलत नोत्या. दूर नायकाच्या अंगणात गाणे चालू होते. तिथे उजेड होता. नायकानं साल-दीड सालाआधी स्लॅबवर सोलर बसवलं होतं, घरात बॅटऱ्या ठेवल्या होत्या. लाईन असो का नसो, त्याच्या घरी दिवाळीच. त्यात नवल कोणालेच वाटत नोतं.

अन् अंगणाच्या अलीकडे... तो बल्ब.

लालसर. मिणमिण.

बबिता थांबली. मले म्हणे, "काकाजी, भेव नाही वाटलं. राग आला." मी मानतो तिचं. पण तिच्या अंगावर काटा आलाच असंल, कारण हे सांगतानाही तिनं पदर ओढून घेतला होता.

खांबाखालतं भारत उभा होता. हात जोडून. गालावर पाणी वाहून राह्यलं होतं.

"वयनी," तो हळूच म्हणे, "भाऊ आला. मले उजेड दाखवून राह्यला. आता मले काही होत नाही."

पाहा बरं. बावीस-तेवीस वर्षांचा धडधाकट पोट्टा, लाईनचं काम शिकलेला. विझलेल्या तारेवर बल्ब पेटते म्हणजे तारेत काही आहे, हे कोणालेही समजाले पाह्यजे. पण ज्याच्या भावाले लोकांनं हिवाळ्यापासून भूत म्हटलं, त्याले बल्बात करंट नाही दिसला. भाऊ दिसला. जी गोष्ट त्याले चढू नको म्हणून राह्यली होती, तिलेच तो चढ म्हणताना ऐकून राह्यला होता.

बबितानं भाकरीचं फडकं त्याच्या छातीवर दाबलं. "मेलेल्या माणसापासी करंट नसते, भारत. तुहा भाऊ मेला. मी त्याले आंघोळ घातली आहे. खांबाले हात लावू नको. मी आली."

तो मुंडी हालवून हो म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ऑफिसातून फोनवर फोन येऊन राह्यले होते, काम झालं का, काम झालं का.

बबितानं चारी बाजूनं पाह्यलं. मांगं सारा तांडा अंधारात. पुढे दोनच उजेड. एक बल्ब, एक नायकाचं घर. अन् दोघांच्या मधात तार. बाई काही वायरमन नाही, चौथी शिकलेली. पण जिथे उजेड आहे तिथूनच हा येत असंल, एवढं तिनं जुळवलं. नायकाच्या घरी सोलर म्हणून उजेड अन् खांबावर जीवन म्हणून उजेड, असं लोकांनं हिवाळ्यापासून दोन वेगळ्या खणांत भरून ठेवलं होतं. तिनं ते दोन्ही खण एकत्र केले, बस.

चिखलातून ती पळतच निघाली.

अंगण भरलेलं. टोपल्यात गहू हिरवागार वाढलेला, वरतं मोठा बल्ब, पोरींचा फेर रंगात आलेला. म्हाताऱ्या बायांनं तिच्याकडे पाह्यलं अन् नाक मुरडलं. तशा बाईनं तीजपासी येऊ नये, असं त्यायचं. बबिता कोणाकडे न पाहता सरळ ओसरीवर चढली. दाराच्या बाजूले सोलरची पेटी होती. पेटीवर एक खटका. अन् त्या खटक्याले लाल नाडा गुंडाळला होता. एक गाठ, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. खटका वरतंच राह्यला पाह्यजे, असा खिळ्याले ताणून बांधलेला.

"काकी, हा खटका कायचा?" तिनं धनीबाईले विचारलं. धनीबाई म्हणजे नायकाची बायको. मनानं वाईट नाही.

"सोलरचा वो," धनीबाई म्हणे. "तो फिटर सांगून गेलता, कोणी खांबावर चढलं तं हा पाडाचा. पण पाडला का घर अंधारात जाते. तीजचे नऊ दिवस आपल्या दारचा दिवा विझू देत नाही, सासूच्या सासूपासूनची रीत आहे. लेकरं खेळता खेळता पाडून देते, म्हणून बांधून ठेवते मी. दर साली."

"दर साली?"

धनीबाईनं हो म्हणाले तोंड उघडलं. अन् तिची नजर खांबाकडे गेली.

समजलं ना रे पोट्टेहो? तो फिटर कोण होता, कुठचा होता, आजपर्यंत कोणाले माहीत नाही. घाईघाईत आला, तारा जोडल्या अन् गेला. लाईन गेली का सोलरची तार आपोआप बाहेरून तुटली पाह्यजे, तो भाग त्यानं बसवलाच नाही. त्याच्याजागी एक खटका देला अन् तोंडानं सांगून मोकळा झाला. अन् इथे तीजच्या रीतीनं तो खटका बांधला गेला. बाकी साल नाडा नोता, पण तो पाडाचं कोणाले सुचतच नोतं. घरातला करंट घरात मावेना, तो मीटरातून उलटा वरतं तारेवर जाऊन बसला. डीपीवर फ्यूज काढून काय उपयोग? मरण दुसऱ्या टोकाकडून येऊन राह्यलं होतं.

कोणाच्या तरी ध्यानात आलं अन् गाणं थांबलं.

बबिता मागं वळली. अंगणातून तो खांब साफ दिसत होता. लाल मिणमिण उजेडात...

भारत चढून राह्यला होता.

अर्ध्यावर.

ती ओरडली. वारा उलटा होता. त्याले ऐकू गेलं नाही. तो आणखी वरतं सरकला.

तिनं नाड्याले हात घातला, तं देवीलाल नायक आडवा आला. धिप्पाड माणूस, पांढऱ्या मिशा. त्यानं तिचं मनगट धरलं. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणे, "उद्या पाहू, पोरी. तीज चालू आहे. माह्या दारचा दिवा आजपर्यंत विझला नाही."

त्याच्या डोळ्यात पाहून बबिताले समजलं. या माणसाले माहीत होतं. मांगच्या सालीच समजलं असंल, जीवनची राख गरम होती तेव्हाच. म्हणूनच पहिला नारळ यानं फोडला. भूत म्हटलं का खटक्याचं नाव निघत नाही.

"बापू," ती म्हणे, अन् अंगणातल्या शेवटच्या म्हातारीले ऐकू जाईल असं म्हणे, "तुमच्या दारचा दिवा विझला नाही, कारण माह्या घरचा विझला. माह्या नवऱ्यानं फ्यूज काढले होते. तो पिऊन नोता. तो भूत नाही. हात सोडा माहा. नाही तं तुमच्या नावानं मी या तांड्यात रोज सकाळी उठून बोंब मारीन, मरतपर्यंत मारीन."

नायकानं हात सोडला का तिनं हिसकला, ते तिलेही आठवत नाही.

गाठ सुटेना. नाडा पावसानं फुगला होता. पहिली सुटली. दुसरी नखानं. तिसरीले तिनं दात लावले.

एक डोळा गाठीवर. एक खांबावर.

तारेपासी पोचला होता तो. हात वरतं गेला...

अन् थांबला.

हात वरतं. तार त्याच्या बोटापासून वीतभर. अन् भारत हालत नोता. वरतंही नाही. खालतंही नाही. खांबाले चिकटल्यासारखा. एक पाय झटकून राह्यला होता. पुन्हा झटकला. खालतं पाहून काही बोलून राह्यला होता...

गाठ तुटली. बबितानं खटका पाडला.

अंधार.

घर गेलं. अंगण गेलं. टोपल्यावरचा दिवा गेला. खांबावरचा बल्ब... तोही गेला. त्याच क्षणाले.

वारा पडला होता. अन् त्या शांततेत, दूर खांबावरून, भारतचा आवाज सगळ्या तांड्यानं ऐकला. वैतागलेला. घरात बोलते तसा.

"वयनी... पाय सोड ना."

बबिता नायकाच्या ओसरीवर उभी होती. दातात नाड्याचा धागा. तिच्या बाजूले धनीबाई, समोर नायक, चारीकडे अख्खा तांडा.

सगळे इथे होते.

बबिता धनीबाईची बॅटरी घेऊन निघाली. एकटी. मांगून कोणी आलं नाही. खांबापासी पोचली तं भारत खालतं उतरून बसला होता, फडक्यातली भाकर तोडून राह्यला होता. तिले पाहून तो चिडला. म्हणे, मांगून आली तं आवाज द्याचा, असा पाय धरून कायले ठेवला? पडलो असतो ना मी. किती जोर आहे वो तुह्या हातात.

बबितानं बॅटरी चारीबाजूनं फिरवली. चिखल, पाणी. दुसरं कोणी नाही.

तिनं त्याले सांगतलं नाही. त्याच्याजवळ बसली अन् त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राह्यली, तो खाऊन होतपर्यंत. मंग म्हणे तिले रडू आलं. जीवन गेला तेव्हा रागानं आलं नोतं, तेवढं त्या रात्री आलं.

तीजचं काय झालं म्हणता? पोरींनं अंधारातच गाणं पुरं केलं. गहू हिरवाच राह्यला, देवी काही कोपली नाही. दुसऱ्या दिवशी टोपले विसर्जनाले उचलायच्या आधी देवीलाल नायकाले साऱ्या तांड्यासमोर उभं राहून बोलावं लागलं, का जीवननं फ्यूज काढले होते अन् मरण माह्या घरून गेलं. बबितानं त्याले बोलल्याशिवाय टोपल्याले हात लावू देला नाही. तो रडला. तिनं रडू देलं, पण एक शब्दही कमी करू देला नाही. मंग तेच वाक्य तिनं त्याच्याकडून ऑफिसात जाऊन बोलवून घेतलं. यावेळी साहेब पंख्याकडे पाहू शकला नाही.

आता राह्यली एक गोष्ट. ही सांगतो अन् झोपा.

त्या अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, बाया पाण्याले निघाल्या तेव्हा त्यायले खांबावर चिखलाचे पाय दिसले. अनवाणी पायाचे. बुडापासून वरतं, एकामागं एक, माणूस चढते तसे. भारतच्या पायात रात्री बूट होते. अन् सगळ्या पायांचे अंगठे वरतं. उतरल्याचा एकही नाही.

घडीभरात लोकं शेंदूर घेऊन आले. बबिता त्यायच्या आधी बादली घेऊन उभी. म्हणे, "होता तं होता. माहा होता. तुम्ही त्याची पूजा करायची नाही. घरी जा अन् आपापले खटके पाहा." अन् तिनं एकेक पाय घासून धुतला. खालतून वरतं, हात पुरते तिथपर्यंत. पुढे शिडी लावून धुतला. सगळे गेले.

वरचा एक गेला नाही. जिथे भारतचा पाय अडकला होता, त्याच्या वीतभर खालतं. घासला, खरडला, तसाच. तिनं नाद सोडला. त्याच्यावरून श्रावण गेला, भादवा गेला, परतीचा पाऊस झोडपून गेला. वेचणीच्या वेळेले मी स्वतः जाऊन पाह्यलं. आपल्याकडची काळी माती, एका सरीत बैलाच्या पाठीवरून निघून जाते. त्या खांबावर तो पाय होता.

आता होळी जवळ आली. ऊन पाहा कसं आहे, वावरात भेगा पडल्या. चार दिवसाआधी भारत त्याच खांबावर चढलता, नवीन सांधा टाकाले. नायकाच्या घरचा खटका पाडून, साखळी टाकून, सगळं करून. उतरताना त्यानं त्या पायाले बोट लावलं.

बोटाले चिखल लागला. ओला.